पाखरांची खानेसुमारी

आइसलंडच्या ईशान्येस मीवात्न नावाचे एक सरोवर आहे. ‘मी’ म्हणजे चिलटे आणि ‘वात्न’ म्हणजे पाणी. ज्या कोणी हे नाव ठेवले त्याला काव्याची हौस नसावी, जे त्याच्या डोळ्यांत आणि नाकातोंडात गेले तेच त्याने नोंदवून ठेवले. सुमारे २३०० वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्ह्याच्या लोटांतून हे सरोवर आजच्या रूपाने घडले. समुद्रसपाटीपासून त्याची उंची २७८ मीटर, विस्तार सुमारे ३७ चौरस किलोमीटर, आणि खोली मात्र सरासरीने जेमतेम दीड पुरुष. त्यामुळे उन्हाळ्यात, जेव्हा या अक्षांशावर रात्र नावापुरतीच उरते, तेव्हा सूर्यप्रकाश बहुतेक ठिकाणी थेट तळाच्या गाळापर्यंत पोहोचतो. पूर्वेच्या काठाने फुटणारे झरे, त्यांतले काही थंड तर काही कढत, खनिज द्रव्यांचा खुराक अहोरात्र पुरवीत असतात. या खुराकावर करंडक वनस्पती, म्हणजे सिकतेचे कवच धारण करणारे डायाटम, माजतात. त्यांवर चिलटांच्या अळ्या पोसतात. आणि त्या अळ्यांवर व चिलटांवर बदके व मासे. पंधराच्या आसपास जातींची बदके ज्या एकाच पाण्याच्या काठी घरटी करतात अशी स्थळे युरोपात फार नाहीत.

ही बदके कधी पाणी झाकून टाकतात, तर कधी काही वर्षे त्यांची अशी ओहोटी लागते की काठावरचा शेतकरी चिंतेत पडतो. हे असे का होते, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९७५ पासून या सरोवरावर दरवर्षी पाखरांची खानेसुमारी चालू आहे. त्या दीर्घ मोजणीतून काय हाती लागले, कोणते आरोप गळून पडले आणि कोणता अद्याप निकालाविना राहिला, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे. आरोप हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. कारण या प्रश्नाचा इतिहास एखाद्या लांबलेल्या फौजदारी खटल्यासारखा आहे, आणि त्यात संशयित एकामागून एक उभे करण्यात आले.

पहिला संशयित म्हणजे माणसाचा हात. मीवात्नच्या काठचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बदकांची अंडी काढीत आले. परंतु त्या काढण्याला एक अलिखित कायदा होता: घरट्यात किमान चार-पाच अंडी मादीसाठी राहू द्यायची, आणि बसल्या मादीला मारायचे नाही. हा कायदा किती जुना असावा याचा दाखला पुरातत्त्वज्ञांनी काढला, आणि तो मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मनोवेधक पुरावा वाटतो. या परिसरातल्या वायकिंगकालीन वस्त्यांच्या उकिरड्यांत अंड्यांची टरफले विपुल मिळाली, पण बदकांची हाडे त्या मानाने फारच थोडी. म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचा तेथला कुटुंबप्रमुख अंडी पोटभर खात होता, परंतु अंडी देणारीला हात लावीत नव्हता. व्याज खावे आणि मुद्दलाला धक्का लावू नये, हे त्याला कोणी लेखी शिकविले नव्हते. इतकी शतके चाललेली वहिवाट विसाव्या शतकात एकाएकी घातक ठरावी, हे संभवत नाही. म्हणून या संशयिताला दोषमुक्त करण्यास कोणाला फारसा विचार करावा लागला नाही.

दुसरा संशयित बाहेरचा. १९३१ मध्ये अमेरिकन मिंक हा केसाळ, चपळ आणि पोहण्यात तरबेज प्राणी फरच्या धंद्यासाठी आइसलंडमध्ये आणला गेला. पिंजऱ्यातून तो सुटला आणि काही दशकांतच मीवात्नपर्यंत पोहोचला. अंडी, पिले, बसलेली मादी, त्याला काहीच वर्ज्य नाही, आणि चार अंडी राखून ठेवण्याचा कायदा त्याला ठाऊक नाही. त्याने नासधूस केली हे खरे, आणि काठचे लोक त्याची शिकारही नेमाने करीत आले. पण ज्या वर्षी बदके घटली त्या प्रत्येक वर्षी मिंक वाढले होते, असे काही दिसेना.

त्याच काळात पाखरांच्या बाजूनेही एक उलथापालथ होऊन गेली होती. ज्याला आपण शेंडी बदक म्हणतो, आणि जे हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रातल्या तलावांवरही काळ्या-पांढऱ्या वेषात बुड्या मारताना दिसते, ती जात आइसलंडमध्ये मुळात नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तेथे आली, आणि मीवात्नवर तिने आपल्याच कुळातल्या स्कॉप नावाच्या जुन्या रहिवाशाला संख्येत मागे टाकले. आपल्याकडे येणारी शेंडी बदके सायबेरियाकडची, मीवात्नची बहुतांशी ब्रिटन व आयर्लंडमध्ये हिवाळा काढणारी. तेव्हा दोहोंची गाठ पडण्याचा संभव नाही. पण पक्षी तोच. फिन्नुर गुद्मुंदसन या आइसलंडच्या पक्षितज्ज्ञाने या घडामोडींचा मागोवा घेतला, आणि जुन्या काळी येथली बदके कशी होती व त्यांचा उपयोग कसा केला जाई याचा त्याचा वृत्तांत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते: सरोवर पूर्वी ‘स्थिर’ होते आणि पुढे बिघडले, हा जो आपल्या मनाचा लाडका समज असतो, त्याला या पाण्याच्या इतिहासात कधीच आधार नव्हता.

तिसरा संशयित सर्वांत ठळक, कारण त्याला धुराडे होते. सरोवराच्या तळाशी डायाटमांच्या मृत कवचांचा जो मऊ पांढुरका गाळ मीटरच्या मीटर साचला आहे, तो गाळण्यांसाठी उपयोगी पडतो आणि परदेशात विकला जात असे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काठावर त्याचा कारखाना उभा राहिला, आणि इत्रिफ्लोई या उत्तरेकडच्या भागातून नळांनी तो गाळ शोषून काढण्याचे काम २००४ अखेरपर्यंत चालले. जवळजवळ त्याच सुमारास, सरोवरातून निघणाऱ्या लाक्साऊ नदीवर मोठे धरण बांधून वीज काढण्याची योजना पुढे आली. तेव्हा शेतकऱ्यांनी अर्ज, विनंत्या व कैफियती यांचा मार्ग सोडून २५ ऑगस्ट १९७० रोजी नदीच्या एका फाट्यावरचा जुना बांध सुरुंगाने उडविला. कोणी उडविला म्हणून चौकशी सुरू होताच ११३ जणांनी ‘आम्ही’ असे लिहून दिले. आता इतक्यांना शिक्षा करायची कशी, हा पेच सरकारपुढे पडला असेल, त्याची कल्पना करता येते. परिणाम असा की १९७४ मध्ये मीवात्न व लाक्साऊ यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला, संशोधन केंद्राची स्थापना झाली, आणि १९७७ मध्ये सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. आर्न्थोर गार्दार्सन आणि आउर्नी एइनारसन या संशोधकांनी ज्या मोजणीवर आपले आयुष्य खर्ची घातले, ती अशा रीतीने एका भांडणातून जन्मास आली, हे विसरता कामा नये. शास्त्रीय दप्तरे नेहमीच जिज्ञासेपोटी उघडली जात नाहीत. पुष्कळदा वादी-प्रतिवादींना पुरावा हवा असतो म्हणून उघडली जातात.

मोजणीची रीत वरकरणी अगदी साधी आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात, जेव्हा टेकड्यांच्या सावलीत अजून बर्फाचे पट्टे असतात, तेव्हा सरोवराचे ठरावीक विभाग पाडून ठरावीक उंचवट्यांवरून दुर्बीण लावायची आणि प्रत्येक जातीचे नर मोजायचे. नरच का, याचे कारण व्यावहारिक आहे. मादी तपकिरी, ती घरट्याच्या शोधात झुडपांत शिरली की दिसेनाशी होते, आणि पाण्यावर असली तरी शेंडी बदकाची मादी व स्कॉपची मादी दुरून ओळखणे सराईत माणसालाही जड जाते. नर मात्र उघड्या पाण्यावर, आपला रंग मिरवीत, मादी अंड्यांवर बसेपर्यंत तिच्या आसपास थांबतो. शेंडी बदकाची पाठ काळी, स्कॉपची राखाडी, एवढे दिसले की काम भागते. पुढे तो पिसे झाडण्यासाठी निघून जातो, म्हणून मोजणीची मुदत थोडी असते. वारा उठला आणि पाण्यावर लाटा आल्या की बुडी मारणारे बदक लाटेआड गेले की पाण्याखाली, हे सांगता येत नाही. अशा दिवशी वही मिटून घरी जावे लागते. ऑगस्टमध्ये दुसरी मोजणी, पिलांची. तिच्यावरून त्या वर्षाचे उत्पन्न कळते.

ज्याने कधी पाखरे मोजली नाहीत त्याला या कामाचे मर्म कळणे कठीण. नाशिक जिल्ह्यातल्या एका धरणावर जानेवारीच्या गणनेत, एकाच थव्याकडे एकाच उंचवट्यावरून पाहत असलेल्या आम्हा दोघांच्या वारकरी पक्ष्यांच्या आकड्यांत जवळजवळ निम्म्याचा फरक पडला होता, आणि दोघांचीही आपापल्या आकड्यावर निष्ठा अढळ होती. त्या दिवसापासून मी कोणत्याही एका वर्षाच्या आकड्याला फार मान देत नाही. परंतु तोच माणूस, तीच जागा, तीच दुर्बीण आणि तोच पंधरवडा जर दरवर्षी कायम राहिला, तर त्याची चूकही दरवर्षी साधारण तेवढीच राहते, आणि मग आकडा खोटा असला तरी आकड्यांतला चढउतार खरा ठरतो. मीवात्नच्या दप्तराचे सारे मोल या हट्टी एकसारखेपणात आहे. नवी, अधिक चांगली पद्धत हाती आली म्हणून जुनी सोडण्याचा मोह दर दहा वर्षांनी होत असतो. तो ज्यांना आवरला नाही त्यांच्या नोंदी आज दोन तुकड्यांत पडल्या आहेत.

तरीही नुसती पाखरे मोजून हा खटला निकाली निघाला नसता. आकडे असे सांगत होते की बदके चढतात, पडतात आणि पुन्हा चढतात; पण का, ते सांगत नव्हते. ते कळले चिलटे मोजू लागल्यावर. १९७७ पासून काठावर काचेचे सापळे उभे करण्यात आले: एक उभी काच, आणि तिच्या खाली द्रव भरलेली पन्हळ. उडत आलेले चिलट काचेवर आपटते, खाली पडते, आणि मोजदादीसाठी टिकून राहते. याहून साधे उपकरण शोधून सापडणार नाही. चांगल्या वर्षी टेकड्यांवर चिलटांचे असे स्तंभ उभे राहतात की परक्याला ते दुरून धुराचे लोट वाटतात, आणि मेलेली चिलटे काठच्या गवताला खत होऊन पडतात. वाईट वर्षी काचेखाली जवळजवळ काहीच नसते. तानीतार्सस ग्रासिलेंटस ही यांतली मुख्य जात. तिच्या संख्येतला फरक दुप्पट-तिप्पट असा नसून, तळ आणि शिखर यांत लक्षपटींहूनही अधिक अंतर पडते, आणि हे चक्र साधारण चार ते सात वर्षांत एकदा फिरते.

बदकांचा आणि चिलटांचा हिशेब शेजारी शेजारी मांडल्यावर कोडे बरेचसे उलगडले. ज्या उन्हाळ्यात चिलटे उदंड, त्या उन्हाळ्यात पिले जगतात; आणि त्या सुगीची वसुली पुढच्या वसंतात, परत आलेल्या जोड्यांच्या संख्येत, होते. चिलटे नाहीत, तेव्हा अंडी फुटूनही पिले वाढत नाहीत. लाक्साऊ नदीत हेच नाटक वेगळ्या पात्रांनी होते. तेथल्या वेगवान पाण्यात राहणारे हार्लेक्विन बदक काळ्या माश्यांच्या अळ्यांवर जगते, आणि १९७५ ते २००२ या काळातल्या नोंदींत त्याच्या पिलांचे नशीब त्या माश्यांच्या उत्पन्नाशी बांधलेले दिसते. हे बदक हिवाळा समुद्रकाठच्या खडकांत काढते, शेंडी बदके परदेशात. म्हणून हिवाळी मुक्कामातल्या आपत्तींवर खापर फोडणे सोपे होते. पण दीर्घ नोंद असे सांगते की निर्णायक गोष्ट घरचीच आहे. येथे आपल्याला थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडच्या जानेवारीच्या पाणपक्षी-गणना, ज्या भारतीय उपखंडात १९८७ पासून चालू आहेत, त्या पाहुण्यांच्या गणना आहेत. पाहुणे कमी आले तर यजमानाच्या घरात काय बिघडले आणि पाहुण्याच्या घरात काय बिघडले, हे त्या एकट्या सांगू शकत नाहीत.

आता चक्राचे कारण. अळ्या गाळात रेशमी नळ्या करून राहतात आणि भोवतालच्या डायाटम व सेंद्रिय कणांवर चरतात. संख्या वाढली की चराई संपते. उपासमारीने सारी प्रजा कोसळते. चरण्याची जमीन पडीक राहून पुन्हा सुपीक होते. आणि थोडे वाचलेले जीव पुन्हा वाढू लागतात. म्हणजे चढउताराचे बीज बाहेरच्या कोणा शत्रूत नसून सरोवराच्या पोटातच आहे. इथपर्यंत आल्यावर कारखानदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि एका अर्थी तो रास्त होता: १९७० नंतरच्या दुष्काळी वर्षांचा सारा दोष नळांवर टाकणे अन्यायाचे होते. परंतु अँथनी आइव्ह्‌ज, आउर्नी एइनारसन, व्हिन्सेंट जॅन्सन आणि आर्न्थोर गार्दार्सन यांनी २००८ मध्ये या नोंदींवरून जे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले, त्याने त्या निःश्वासाला पुन्हा अटकाव केला. त्यातून असे निघाले की कोसळण्याची खोली एका अगदी क्षुल्लक गोष्टीवर अवलंबून आहे: संकटाच्या काळात इतर ठिकाणाहून वाहत येऊन तळाशी पडणाऱ्या अन्नकणांचे जे थोडेसे अनुदान अळ्यांना मिळते, त्यावर. ते थोडे जरी घटले तरी पडझड कितीतरी खोल जाते. आणि गाळ उपसून केलेले खड्डे नेमके हेच करतात. प्रवाहाबरोबर जाणारे कण त्यांत जाऊन बसतात. कारखान्याने चक्र निर्माण केले नाही, पण चक्राच्या तळाला आणखी खोल केले असणे शक्य आहे. वर्षानुवर्षे दोन्ही पक्ष ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक उत्तर मागत होते, आणि सरोवराने दिले ते तिसरेच.

समजा ही मोजणी पाच वर्षांनी, अनुदान संपले म्हणून, बंद झाली असती. सुरुवातीच्या वर्षावर अवलंबून अहवालाने एक तर ‘बदके झपाट्याने वाढत आहेत’ असे म्हटले असते किंवा ‘विनाश जवळ आला’ असे. आणि दोन्ही अहवाल शास्त्रशुद्ध ठरले असते. ज्या प्रश्नाचे एक आवर्तन चार ते सात वर्षांचे असते त्याला तीन वर्षांच्या योजनेने भिडणे म्हणजे पौर्णिमेआधीच्या आठवड्यात चंद्राची पाहणी करून तो वाढतच असतो असा ठराव करण्यासारखे आहे.

मीवात्नखेरीज उत्तरेकडच्या इतर सरोवरांवरही अशी दप्तरे आहेत, त्यांतली दोन-तीन सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही. लाटव्हियातल्या एंगुरे सरोवरावर १९५८ पासून अंड्यांवर बसलेल्या माद्या पकडून त्यांच्या पायांत कड्या घातल्या गेल्या. त्यांतून मादी आपल्या जन्मस्थानाशी किती घट्ट बांधलेली असते आणि वयागणिक तिचे जगण्याचे प्रमाण कसे बदलते, हे कळले; नुसत्या गणतीला हे कधीच कळले नसते, कारण गणतीत सारी पाखरे बिननावाची असतात. स्वीडनमधले टॉकर्न सरोवर दोन अवस्थांत लोंबकळते: कधी पाणी नितळ आणि तळाशी पाणवनस्पतींचे दाट रान, तेव्हा वारकरी पक्षी व हंस हजारोंनी, कधी पाणी गढूळ, रान नाहीसे, आणि पाखरेही. त्याच देशातल्या होर्नबोर्गा सरोवराची पातळी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत शेतीसाठी पाच वेळा खाली आणली गेली, सरोवराची दलदल झाली, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस ती चूक मोठ्या खर्चाने दुरुस्त करण्यात आली. तेथे वसंतात उतरणाऱ्या क्रौंचांची गणती १९६० च्या दशकापासून होत आहे आणि अलीकडे एका दिवसात वीस हजारांहून अधिक क्रौंच मोजले गेले आहेत; पण क्रौंच हे वाटसरू असल्याने ही वाढ सरोवराच्या दुरुस्तीची पावती म्हणून दाखविणे मला धाडसाचे वाटते.

मीवात्नच्या नोंदींतही उणिवा आहेत. बॅरोज गोल्डनआय या बदकाचेच पाहा. युरोपात ते आइसलंडखेरीज कोठेही वीण करीत नाही, त्याची तेथली सारी संख्या दोन हजारांच्या आसपास, आणि ते लाव्ह्याच्या कपारींत व घरांच्या भिंतींतल्या भोकांत अंडी घालते, म्हणून आइसलंडी माणूस त्याला ‘घरबदक’ म्हणतो. काठच्या शेतकऱ्यांनी त्याच्यासाठी भिंतींत मुद्दाम कोनाडे ठेवले, पेट्या टांगल्या. अशा पक्ष्याची संख्या केवळ चिलटांवर ठरत नाही, भिंतींवरही ठरते. आणि जुन्या दगडमातीच्या भिंती जाऊन काँक्रीट आले तेव्हा किती जागा गेल्या, याची कोणी खानेसुमारी आरंभापासून ठेवली नाही. तसेच माशांचे. ‘चार’ नावाच्या मासळीच्या नोंदी शेतकऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठेवल्या आहेत, पाखरांच्या शास्त्रीय नोंदींहून कितीतरी जुन्या. १९७० नंतर ते उत्पन्न घसरत गेले, आणि बदकांप्रमाणे ते पुढे कित्येक वर्षे पूर्वपदावर आले नाही.

याहून मोठा धक्का तर पाखरांच्या वहीत नोंदलाच गेला नाही. सरोवराच्या तळाशी शैवलाचे हिरवे मखमली चेंडू असत, मुठीएवढे आणि त्याहून मोठे, पाण्याच्या हालचालीने गडगडत राहून गोल झालेले. जाळ्यांत अडकून हैराण करणारी ही घाण म्हणून कोळ्यांनी त्यांना ‘गोळाघाण’ असे नाव दिले होते. असे चेंडू जगात मोजक्याच सरोवरांत सापडतात, जपानमधले आकान त्यांतले प्रसिद्ध. मीवात्नमध्ये त्यांचे विस्तीर्ण गालिचे होते. २००६ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २०१४ च्या सुमारास ते जवळजवळ नाहीसे झाले, कारण नील-हरित जीवाणूंनी पाणी गढूळ करून तळाचा प्रकाश तोडला. त्या वर्षांतही मे महिन्यातली बदके मोजली गेली, आणि त्यांच्या स्तंभात डोळ्यांत भरण्यासारखे काही नव्हते.